कंपनी विकली जाताना कर्मचाऱ्याकडून राजीनामा का घ्यावा?

कागदीघोडा: आमचा विभाग दुसऱ्या कंपनीला विकला जातोय. एचआरने दोन कागद पुढे केलेत: जुन्या कंपनीचा राजीनामा आणि नवीचं नेमणूकपत्र. 'पगार तोच, खुर्ची तीच' म्हणतात. सगळं तेच असेल तर राजीनामा कशासाठी? कामगाराला त्याच्या संमतीवाचून नव्या मालकाकडे ढकलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलंय. माझं मत: आधी संमती, मग विक्री.

शिफ्ट_बी: संमतीचं मला फारसं कौतुक नाही. नकार दिलात तर पुढे काय? जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५ एफएफनुसार नोटीस आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. औद्योगिक संबंध संहिता २०२० नेही तेच सूत्र ठेवलंय. म्हणजे नोकरी गेलीच. ही भरपाईही फक्त कायद्याच्या व्याख्येतल्या 'कामगारा'ला. मॅनेजर असाल तर विसरा. युरोपात युरोपीय समुदायाच्या १९७७ च्या निर्देशापासून नोकरीचा करार आपोआप नव्या मालकाकडे जातो, जुन्या अटींसकट. मला तसं हवंय. विचारलं नाही तरी चालेल, पण काही काढून घेऊ नका.

घासाघीस: मी अशा व्यवहारांत खरेदीदाराच्या बाजूने बसतो, तेव्हा शिव्या खायची तयारी आहे. सगळी जुनी देणी आपोआप गळ्यात पडणार असतील तर आजारी कारखाना घेणार कोण? गिऱ्हाईक नाही मिळालं की टाळं लागतं. मग कसली संमती नि कसल्या अटी!

कागदीघोडा: @घासाघीस, किंमत ठरवताना ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजांचा बोजा वजा करून घेता ना?

घासाघीस: घेतो. त्यात गैर काय?

कागदीघोडा: मग आमच्या जुन्या वर्षांचे पैसे तुम्हाला आधीच मिळाले. वर राजीनामा घेतलात की ती वर्षंही पुसली. ज्याची पाच वर्षं भरलीत त्याला जुना मालक ग्रॅच्युइटी तरी देईल. साडेतीन वर्षंवाल्याला जुन्याकडून छदाम नाही आणि नव्याकडे मोजणी शून्यापासून.

घासाघीस: असं करणारे आहेत, मान्य. पण ती लबाडी झाली, तिच्यासाठी सगळे व्यवहार कशाला अडवायचे? सेवा अखंड धरली, अटी आधीपेक्षा वाईट नसल्या आणि उद्या कपात झालीच तर भरपाई जुनी वर्षं धरून द्यायची कबुली दिली, तर मालक बदलताना ती १५ दिवसांच्या हिशेबाची भरपाई लागतच नाही. म्हणजे सरळ वागणं मालकालाही स्वस्त पडतं.

शिफ्ट_बी: आणि नुसते शेअर विकून मालक बदलला तर? कागदोपत्री कंपनी तीच, त्यामुळे भरपाईचा हा नियम लागतच नाही. आमच्याकडे तसंच झालं. राजीनामा कुणी मागितला नाही, थेट लांबच्या बदल्या सुरू झाल्या. त्यावर ना तुमची संमती चालते, ना माझा युरोप.

लेखाजोखा: वाद चालू द्या, पण @कागदीघोडा, सही थांबवा. राजीनाम्याऐवजी तिघांच्या सहीचं पत्र मागा: जुनी कंपनी, नवी कंपनी, तुम्ही. रुजू झाल्याची मूळ तारीख त्यात हवीच. पीएफ भरल्याचंही तपासा. पीएफचा कायदा हस्तांतरापर्यंतच्या थकबाकीला विकणारा आणि घेणारा दोघांनाही जबाबदार धरतो. घेणाऱ्याला मात्र मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपुरतंच.

घासाघीस: पत्राचा सल्ला बरोबर आहे. पण विकणारा त्याला वेळ लावतो, सांगून ठेवतो.

कागदीघोडा: लावू दे. विक्रीची घाई त्यांना आहे, मला नाही.