हायड्रेशन सॅकसाठी नवीन ब्लॅडर घ्यायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या १२ लिटरच्या सॅकमधला २ लिटरचा ब्लॅडर (पाठीवर पाणी वाहायची, नळीने प्यायची पिशवी) गळायला लागलाय. सॅक मात्र धडधाकट आहे. चेन, पट्टे, शिवण सगळं जागेवर, त्यामुळे नवी सॅक घ्यायची नाहीये. त्याच कंपनीचा ब्लॅडर सुटा मिळत नाही, म्हणजे दुसरा शोधणं आलं.

रात्री पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवला होता. सकाळी सगळा कागद कोरडा, फक्त नळी जिथे ब्लॅडरला बसते तिथे रुपयाएवढा ओला डाग. तोंडाजवळचा बाईट व्हॉल्व्ह, म्हणजे चावून पाणी ओढायचं नळीचं टोक, व्यवस्थित आहे.

घाई अशासाठी की येत्या पौर्णिमेला कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक करायचं ठरतंय आणि धाकटी बहीण पहिल्यांदाच येतेय. आतकरवाडीतून सिंहगड चढायचा तर एका बाटलीवर भागतं, वर ताक मिळतं, देवटाक्याचं पाणी असतं. पण जुन्या कात्रज बोगद्यापासून निघालं की रात्रभर टेकड्या चढा आणि उतरा, मध्ये पाण्याचा भरवसा नाही. तिचंही थोडं पाणी मीच वाहणार आहे.

दुकानात दोन प्रकार पाहिले. एकाला वर मोठं गोल फिरकीचं झाकण, कॅमलबॅकसारखं. नळाखाली धरायला सोपं वाटलं. दुसऱ्याची वरची कड दुमडून त्यावर पट्टी सरकवायची, हायड्रापॅक आणि ऑस्प्रेसारखी. त्यात अख्खा हात आत जातो, घासायला बरं. मला धुण्याची सोय जास्त महत्त्वाची वाटते, कारण पावसाळ्यात आपल्याकडे काहीच धड वाळत नाही आणि नळीत काळे ठिपके धरतात. पण सरकपट्टी पाठीच्या दाबाने सुटते का? आणि २ लिटरच्या जागी ३ लिटरचा घ्यावा का? कुणी वापरला असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
आधी ब्लॅडरची नळी काढून बघा. खटक्याने निघणारी असेल तर त्या जोडात एक बारीक रबरी ओ-रिंग असते. ती कडक झाली किंवा चिरली की नेमकं तिथूनच झिरपतं. रिंग बदलली की काम होतं. पण नळीचं बूड जिथे पिशवीला वितळवून चिकटवलंय तिथून गळत असेल तर नवाच घ्या. फेविक्विकच्या भानगडीत पडू नका, पिण्याचं पाणी आहे.

पट्टी दोन्ही टोकांपर्यंत नीट सरकवली तर सुटत नाही. मटेरियल टीपीयू (एक लवचिक प्लास्टिक) बघा, स्वस्त पीव्हीसीला प्लास्टिकचा वास बराच काळ राहतो. विकत घेण्याआधी सॅकमधल्या कप्प्याची लांबी-रुंदी मोजा आणि वरचा हुक कुठे अडकतो ते पाहा. छोट्या कप्प्यात ३ लिटरचा कोंबला तर फुगून पाठीला टोचत राहतो.

कात्रज-सिंहगडला मी तरी २ लिटरचा ब्लॅडर आणि वेगळी १ लिटरची बाटली घेईन. वजन तेवढंच, ३ किलो. पण अंधारात ब्लॅडरमध्ये किती उरलंय ते कळत नाही, आणि तो वाटेत फुटला तर हाताशी काहीतरी राहतं. बहिणीला तिची बाटली वेगळी द्याच, दर वेळी तुमच्या नळीपाशी थांबावं लागलं तर ती पाणी कमी पिईल.

घरी आल्यावर धुऊन, निथळून सरळ फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी धरत नाही.

धागाकर्ता:
मनापासून धन्यवाद! नळी काढून पाहिली. रिंग मऊ आहे, चीर बुडाच्या चिकटवलेल्या कडेलाच आहे. म्हणजे नवाच घ्यावा लागणार. कप्पा मोजला, ३ लिटरचा बसणार नाही, तेव्हा २ लिटर, सरकपट्टीचा आणि सोबत बाटल्या. बहिणीच्या बाटलीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता एकच अडचण: जुनी नळी चांगली आहे, वर उष्णतेसाठी कापडी आवरणही आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे खटके एकमेकांत बसत नाहीत हे कळलं. पण खटका काढून नुसती नळी नव्या ब्लॅडरच्या तोटीवर चढवली तर घट्ट बसते का? कुणी करून पाहिलंय?