गाडीतला पोर्टेबल जीपीएस: वापरणाऱ्यांनी आपापले अनुभव लिहा

मोबाइलमध्ये नकाशे आले आणि काचेला चिकटवायचा तो छोटा नेव्हिगेटर बऱ्याच घरांत ड्रॉवरमध्ये जाऊन पडला. तरी तो अजून विकला जातो, लोक अजून विचारतात घ्यावा का म्हणून, आणि उत्तर देणारे बहुतेक एकतर विकणारे असतात नाहीतर कधीच न वापरलेले. म्हणून हा धागा. ज्यांनी स्वतः वापरलाय त्यांनी मोकळेपणाने लिहा, चांगलं वाईट दोन्ही. कुठली कंपनी भारी यावर वाद नको, रस्त्यावर काय झालं ते सांगा.

सुरुवात मी करतो. मी आजही वापरतो आणि पुढेही वापरणार. मुख्य कारण म्हणजे सगळा नकाशा यंत्राच्या पोटातच असतो. रेंज गेली तरी फोनवर आधी लावलेला रूट चालू राहतो हे मान्य, पण पुढे दरड पडून रस्ता बंद असेल आणि तिथल्या तिथे दुसरा रस्ता हवा असेल तर नकाशा आधीच डाउनलोड केलेला नसल्यास फोन हात वर करतो. नेव्हिगेटर दोन मिनिटांत नवा रस्ता काढून देतो, त्याला फक्त आकाश दिसलं पाहिजे. दुसरं कारण ऊन. भर दुपारी काचेमागे चार्जिंगला लावलेला फोन तापतो, स्क्रीन मंद करतो, कधी चार्जिंगच थांबवतो. माझा नेव्हिगेटर त्याच जागी त्याच उन्हात बसून असतो, त्याने अजून असं केलेलं नाही.

---

तुम्ही म्हणता ते पटलं, फक्त 'आकाश दिसलं पाहिजे' यावर थोडं सविस्तर लिहिते कारण नव्या माणसाचा पहिला वैताग तिथेच असतो. बरेच दिवस बंद ठेवलेलं यंत्र चालू केलं की ते 'सॅटेलाइट शोधत आहे' असं दाखवत बसतं आणि माणसाला वाटतं पीस खराब निघाला. तसं नसतं. उपग्रह स्वतःची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने पाठवतो, म्हणजे आजच्या हिशेबाने गोगलगायच. एका उपग्रहाची नेमकी कक्षा कळायला साधारण ३० सेकंद सलग सिग्नल लागतो, आणि सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं. मधे पूल आला, झाड आलं, उंच बिल्डिंग आली की तो तुकडा परत यायची वाट बघायची. शिवाय जागा ठरवायला असे निदान चार उपग्रह लागतात. त्यामुळे तळघरातल्या पार्किंगमधून चालू करून लगेच गल्लीबोळातून निघालात तर बराच वेळ काही कळणार नाही. मी काय करते, मोकळ्या जागी गाडी उभी करायची, यंत्र चालू करायचं, सीटबेल्ट, आरसे, पाण्याची बाटली वगैरे होईपर्यंत तेही तयार. रोज वापरणाऱ्यांना हा त्रास जवळजवळ नाहीच कारण ताजी माहिती त्यात काही तास टिकते.

---

सिग्नलचाच विषय निघालाय तर माझं ऐका. नवी गाडी घेतली आणि जुन्या गाडीत मस्त चालणारा नेव्हिगेटर एकदम आंधळा झाला. खिडकीतून हात बाहेर काढून धरला की लगेच सिग्नल, आत घेतला की गेला. दुकानदाराने यंत्र बदलून दिलं, तरी तेच. शेवटी गाडीचं मॅन्युअल नीट वाचलं तर पुढच्या काचेवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असल्याचं लिहिलं होतं. वीस हजार किलोमीटरवरून येणारा एवढासा सिग्नल, तो त्या थराने परत फिरतो. अशा काचांना आतल्या आरशाच्या मागे बहुतेकदा एक कोरा चौकोन सोडलेला असतो, टोलच्या टॅगसाठी वगैरे, तिथे थर नसतो. यंत्र तिथे आणलं आणि काम झालं. थोडं उंच झालं, हात पोचायला त्रास होतो, पण चालतं. गाडी नवी घेताना हे विचारा, विकणाऱ्याला स्वतःलाही बऱ्याचदा माहीत नसतं.

---

माझे बाबा वापरतात, त्यांच्या वतीने लिहितेय. वय सत्तरीच्या पुढे, नजर ठीक, कानाला थोडं कमी येतं. फोनवर नेव्हिगेशन लावून दिलं तर मधेच कोणाचा कॉल, मधेच मेसेजची पट्टी, चुकून बोट लागलं की नकाशा गायब, आणि मग ते गाडी बाजूला घेऊन मला फोन करणार. भावाने त्यांना मोठ्या स्क्रीनचा साधा नेव्हिगेटर आणला. सुरुवातीच्या पानावर दोनच मोठी बटणं, कुठे जायचं आणि नकाशा. आम्ही त्यांची नेहमीची ठिकाणं फेव्हरिटमध्ये भरून दिली आणि त्यांना कळतील अशी नावं दिली: 'ताईचं घर', 'डोळ्यांचे डॉक्टर', 'जुनं ऑफिस'. आवाज पूर्ण वाढवला. वळायच्या आधी यंत्र स्क्रीनचा अर्धा भाग घेऊन लेनचं चित्र दाखवतं, कुठल्या लेनमध्ये राहायचं तिथे बाण येतो, बाबांना ते सगळ्यात आवडलंय कारण ऐकू नाही आलं तरी दिसतं. आई शेजारी बसते आणि दोघं मिळून निघतात. मधली काही वर्षं बाबांनी लांब गाडी नेणं सोडलंच होतं, ते परत सुरू झालं. मला या यंत्राबद्दल खरंच जिव्हाळा वाटतो.

---

वा ताई, छान लिहिलंत. माझ्या सासूबाईंसाठी हेच करणार.

---

मी जुना वापरणारा, अगदी सुरुवातीपासूनचा, तेव्हा थोडा इतिहास. २ मे २००० च्या आधी अमेरिकन सरकार सामान्य लोकांच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालायचं, शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायचं. त्या दिवशी ते बंद केलं आणि तेच यंत्र रातोरात दहावीस मीटरवर आलं. गाडीतल्या नेव्हिगेटरचा धंदा खरा वाढला तो त्यानंतर. तरी दहा मीटर म्हणजे दहा मीटर, त्यामुळे यंत्र काय करतं तर तुम्ही जवळच्या रस्त्यावरच असणार असं धरून चालतं आणि बाण त्या रस्त्यावर चिकटवतं. फ्लायओव्हर आणि त्याच्या खालचा रस्ता, हायवे आणि त्याला लागून जाणारा सर्व्हिस रोड, अशा जागी ते याचमुळे गोंधळतं. तुम्ही वर, ते समजतं खाली. मग 'डावीकडे वळा' चालू होतं जिथे डावीकडे कठडा आहे. अशा वेळी शांत राहायचं, पाटी बघायची, पुढच्या फाट्याला ते आपोआप जागेवर येतं. बोगद्यात पण तेच. काचेवरच्या साध्या यंत्राला चाकं किती फिरली ते कळत नाही, शेवटचा वेग धरून ते अंदाजाने बाण पुढे नेत राहतं. तुम्ही आत ट्रॅफिकमध्ये थांबलात की बाण बाहेर निघून जातो.

आणखी एक, ज्यांची यंत्रं जुनी आहेत त्यांच्यासाठी. जीपीएस आठवडे मोजतं आणि १०२४ आठवडे झाले की मोजणी परत शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ ला हे झालं तेव्हा काही जुन्या यंत्रांची तारीख एकदम १९९९ वर गेली. जागा बरोबर दाखवत होती, तारीख तेवढी गेली. कंपनीकडून सॉफ्टवेअर अपडेट आलं असेल तर ते टाकून बघा, यंत्र फेकू नका. पुढची पाळी २०३८ च्या नोव्हेंबरात.

---

सेटिंग! सेटिंग बघा आधी! नवीन यंत्र काढलं की लोक सरळ पत्ता टाकतात आणि निघतात. 'फास्टेस्ट' आणि 'शॉर्टेस्ट' यात जमीनअस्मानाचा फरक आहे. शॉर्टेस्ट लावलं की ते अर्धा किलोमीटर वाचवायला तुम्हाला शेतातल्या वाटेने काढतं, कारण नकाशात ती वाट पण रस्ताच आहे. 'कच्चे रस्ते टाळा' चालू करा, यू टर्न टाळायचा पर्याय मोठी गाडी असेल तर चालू करा, टोल आणि फेरीबोटीचं आपापलं बघा. पावसाळ्यात कच्च्या वाटेवर रुतलेल्या गाड्या मी ओढून काढल्यात, ड्रायव्हर बिचारा दर वेळी हेच सांगतो की याने दाखवलं म्हणून आलो.

---

ट्रक चालवतो. कारचा जीपीएस ट्रकला लावू नका एवढंच सांगायला आलो. त्याला तुमची उंची माहीत नाही, वजन माहीत नाही, तो तुम्हाला कार समजून कमी उंचीच्या पुलाखाली नेईल किंवा अशा गल्लीत जिथे मागे घेणं सुद्धा शक्य नाही. ट्रकसाठीचे वेगळे मिळतात, महाग असतात, त्यात उंची रुंदी लांबी वजन भरायचं मग तो त्याप्रमाणे रस्ता काढतो. तरी पुलावरची पाटी हीच शेवटची. नकाशात प्रत्येक पुलाची उंची भरलेली नसते आणि डांबराचे थर चढून चढून खालची उंची कमी पण होत जाते, ते कुठल्या यंत्राला कळणार.

---

माझी तक्रार नकाशा अपडेटची. बॉक्सवर 'लाइफटाइम मॅप' लिहिलं होतं. काही वर्षांनी अपडेट बंद झाले, विचारलं तर उत्तर आलं की लाइफटाइम म्हणजे या मॉडेलला कंपनी सपोर्ट देते तोवर, तुमच्या आयुष्यभर नाही. हे बारीक अक्षरात लिहिलेलं होतंच, पण असं विकणं मला मुळीच पटलेलं नाही. यंत्र धडधाकट, बॅटरी चांगली, आणि नवा बायपास त्यात नाही म्हणून गाडी मोकळ्या रानातून चालल्यासारखी दिसते. घेताना हे मॉडेल बाजारात कधी आलं ते नक्की बघा. स्वस्तात मिळणारं बऱ्याचदा शेवटच्या टप्प्यातलं असतं.

अपडेट मिळत असेल त्यांच्यासाठी: नकाशे दर वेळी मोठे होतात आणि आतली मेमरी तेवढीच राहते. एक वेळ अशी येते की पूर्ण खंडाचा नकाशा मावत नाही, तेव्हा एकतर फक्त आपला भाग निवडायचा किंवा मेमरी कार्ड टाकायचं. अपडेट चालू असताना केबल हलवू नका, लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा. आणि त्याआधी यंत्रातलं सगळं एका फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा, फेव्हरिट ठिकाणं सुद्धा.

---

केबलचं पण लिहा कोणीतरी. मीच लिहितो. गाडीची मूळ केबल तुटली म्हणून घरातली साधी यूएसबी केबल लावली की काही यंत्रं समजतात कॉम्प्युटरला जोडलंय, स्क्रीनवर कॉम्प्युटरचं चित्र येतं आणि नकाशा बंद. यंत्र बिघडलेलं नाही, त्याला फक्त पॉवर देणारी केबल हवी. आणि वर्षानुवर्षं उन्हात राहिलेल्या यंत्राची बॅटरी फुगते, स्क्रीन कडेने उचलल्यासारखी दिसली तर चार्जिंग ताबडतोब बंद करा आणि बॅटरी बदलून घ्या. हे हलक्यात घेऊ नका.

सक्शन कप: काच स्पिरिटने पुसायची, कप कोमट पाण्याने धुवून वाळवायचा, मग दाबायचा. धूळ असली की पडणारच. आणि शेजारच्या सीटसमोर एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नका.

---

एक प्रश्न नेहमी येतो, गाडीचा काटा १०० दाखवतो आणि जीपीएस ९५ च्या आसपास, खरं कोण? सपाट सरळ रस्त्यावर एका वेगाने चाललात तर जीपीएस जास्त खरा. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, थोडा जास्त दाखवला तर चालतो, म्हणून बनवणारे मुद्दाम थोडा वर ठेवतात. वेग झपाट्याने बदलत असेल तेव्हा जीपीएस मागे पडतो, तेवढं लक्षात ठेवा.

---

मी वापरणं सोडलं, तेही लिहायला हवं. शहरात रोजचं जाणं येणं आणि तिथे सगळा खेळ ट्रॅफिकचा. माझ्या यंत्रात ट्रॅफिकची माहिती एफएमच्या लहरींवरून यायची, चार्जिंगच्या वायरीतच रिसीव्हर होता, पण ती फक्त मोठ्या रस्त्यांची आणि उशिरा. कोंडीत अडकल्यावर ते सांगायचं पुढे कोंडी आहे. फोनवर हजारो गाड्यांचा वेग मिनिटामिनिटाला दिसतो, त्याला तोड नाही. २००९ मध्ये फोनवर फुकट नेव्हिगेशन आलं तेव्हाच हे ठरलं होतं असं मला वाटतं. लांबच्या प्रवासाला नेव्हिगेटर, शहरात फोन, असं दोन्ही ठेवणारे मित्र आहेत, त्यांचंही बरोबर आहे.

---

मी मोबाइल टॉवरच्या तपासणीला फिरते, पत्ता नसतोच, अक्षांश रेखांश मिळतात. इथे नेव्हिगेटर मला फोनपेक्षा बरा वाटतो कारण आकडे सरळ टाकता येतात आणि पूर्ण दौऱ्याची ठिकाणं एका फाइलमधून आत घेता येतात. पण फॉरमॅट बघून टाका. १२ अंश ३० मिनिटं म्हणजे दशांशात १२.५, ते १२.३० असं टाकलं तर तुम्ही बावीस किलोमीटर लांब जाऊन उभे राहता. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो, आधी ऑफिसच्या जागेचे आकडे टाकून यंत्र बरोबर ठिकाण दाखवतं का ते बघायचं.

---

जुना सेकंडहँड मिळतोय, घ्यावा का? नकाशा २०१६ चा आहे म्हणतोय विकणारा.

---

त्या मॉडेलला अपडेट अजून मिळतात का ते आधी कंपनीच्या साइटवर बघा, नसतील तर सोडा. मिळत असतील तर दिवसा मोकळ्या मैदानात चालू करून बघा, किती वेळात सिग्नल धरतो, वायर काढल्यावर बॅटरी किती टिकते, टच चारही कोपऱ्यांत चालतो का. आणि विकणाऱ्याला सांगा आधी रीसेट करून दे. लोकांच्या घराचा पत्ता 'होम'मध्ये तसाच राहिलेला असतो, कुठे कुठे गेले त्याची यादी पण. तुम्ही घेतल्यावर स्वतःचा होम टाकताना दारासमोरचा बिंदू न टाकता जवळचा चौक टाका, गाडीतून यंत्र चोरीला गेलं तरी घर कळायला नको.