साडेतीन वर्षांच्या मुलाचा 'एसक्यू ७९' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: व्हाइनलँड चाचणीच्या अहवालात वय ४२ महिने, सामाजिक वय ३३ महिने, एसक्यू ७९ लिहिलंय. मुलगा बुद्धीने मागे आहे का?

उत्तर १: एसक्यू म्हणजे सामाजिक गुणांक (सोशल क्वोशंट); हा बुद्ध्यांक नाही. सामाजिक वय (रोजची कामं किती वयाच्या मुलाइतकी करतो ते) ३३ भागिले खरं वय ४२ गुणिले १०० एवढाच तो आकडा. ही चाचणी मुख्यतः पालकांना विचारून भरतात: स्वतः जेवतो का, कपडे काढतो का, हात धुतो का. आजी भरवत असेल तर 'येतं, पण करत नाही' तिथे गुण जातात. म्हणून रोज प्रत्यक्ष काय करतो तेच सांगा, वाढवून नको आणि कमीही नको.

उत्तर २: सेगाँ फॉर्म बोर्ड ही आकार खाचांत बसवायची बुद्धीची चाचणी केली का? १० लाकडी आकार तीनदा बसवायचे, सर्वांत कमी वेळ धरतात. पण झोपेच्या वेळी, सर्दीत किंवा परक्या भाषेत सूचना दिल्या की मूल बसतच नाही. घरची भाषा मराठी असेल तर तसं आधीच सांगा.

उत्तर ३: बोलणं उशिरा असेल तर आधी श्रवणचाचणी, मग बाकीचं. हा क्रम चुकवू नका! जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात (मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखणारं जिल्हा केंद्र) तपासणी मोफत असते. एका आकड्यावर शिक्का नको. थेरपी सुरू असेल तर ती मात्र थांबवू नका, सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.