अनुभव धागा: कोकणात घरचे इंटरनेट गेल्यावर मोबाइल डेटाची पर्यायी सोय

हातखंब्याजवळच्या आमच्या घरी यंदाच्या जूनमध्ये फायबरची केबल तीनदा तुटली: एकदा रस्त्याच्या खोदकामात, एकदा आंब्याची फांदी पडून आणि तिसऱ्यांदा वानरांनी तिच्यावर झोके घेतल्यामुळे. घरून काम करणाऱ्याला दर वेळी दोन दिवस वाट पाहणे परवडत नाही. म्हणून ज्यांनी मोबाइल डेटाची सोय प्रत्यक्ष उभी केली आहे, त्यांनी काय घेतले आणि मुख्यतः काय फसले ते इथे सविस्तर लिहावे. कोणती कंपनी चांगली हा वाद कृपया नको, कारण त्याचे उत्तर वाडीगणिक बदलते.

गुहागर तालुक्यातून

मी दोन जोडण्या घेणारा राउटर आणला. एका बाजूला फायबरचा मोडेम आणि दुसरीकडे यूएसबी पोर्टात सिमकार्डाचे डोंगल जोडले. पहिली जोडणी गेली की राउटरने आपोआप दुसरी धरावी, अशी योजना होती. चाचणी म्हणून मोडेमचा प्लग काढला, तेव्हा अर्ध्या मिनिटात डोंगल सुरू झाले आणि मी निर्धास्त झालो.

पुढे भर पावसात केबल खरोखरच तुटली, तेव्हा मात्र काहीही घडले नाही. मोडेमवर लाल दिवा लुकलुकत होता, पण मोडेमला वीज होती आणि त्याच्यापासून राउटरपर्यंतची वायर शाबूत होती. राउटर तेवढेच पाहत असल्यामुळे त्याच्या लेखी इंटरनेट चालूच होते. ऐन बैठकीत हाताने जोडणी बदलावी लागली. नंतर सेटिंगमध्ये शोधले, तर ठरावीक काळाने ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला पिंग, म्हणजे छोटा चाचणी-संदेश, पाठवून उत्तर येते का हे तपासण्याची सोय सापडली. ती सुरू केली आणि एकच पत्ता कधी गप्प राहिला तर उगाच जोडणी बदलू नये म्हणून दोन पत्ते दिले. आता चाचणी घेताना मी प्लगला हात लावत नाही. मोडेममधली फायबरची हिरवी पिन काढतो आणि लगेच तिला टोपी घालतो. त्या पिनेच्या टोकाला बोट लावू नये आणि त्यात डोकावून तर मुळीच पाहू नये.

मालवणहून

आमचे घर जांभ्या चिऱ्याचे आहे आणि भिंती दीड फूट जाड आहेत. खळ्यात रेंज उत्तम, पण माजघरात फोन हातात धरून फिरावे लागते. ८५० मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारतेच्या लहरी भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या शिरतात, २३०० च्या बहुतेक बाहेरच राहतात; त्यामुळे एकच सिम दोन खोल्यांत अगदी वेगळे वागते. मी आधी बाहेर अँटेना लावून तिची लांबलचक वायर आत आणली, तर वायरीतच निम्मा सिग्नल गेला आणि वर्षभरात खाऱ्या हवेने जोडणीचा भाग हिरवा पडला. शेवटी सिमचा फोर-जी राउटरच माळ्यावरच्या खिडकीत ठेवला आणि तिथून खाली साधी लॅन केबल सोडली. एवढे करूनही मे महिन्यात आणि डिसेंबरअखेर, पर्यटक आले की संध्याकाळी वेग बसतो. फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि पान मात्र उघडत नाही.

श्रीवर्धनहून

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ इथे धडकल्यानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. मोबाइलचे टॉवर बॅटरीवर थोडा वेळ तग धरतात, मग जनरेटरला डिझेल पोहोचले तर चालतात. त्या वेळी रस्तेच झाडांनी अडले होते. माझ्याकडे दोन कंपन्यांची सिम होती आणि दोन्ही एकदमच मुकी झाली. नंतर कळले की दोघांचे अँटेना टेकडीवरच्या एकाच मनोऱ्यावर आहेत. दुसरे सिम घेण्याआधी एवढे विचारायला हवे होते.

दापोलीहून

वीज तासा-दोन तासांसाठी जाते तेव्हाचे सांगतो. मोडेम आणि राउटर दोन्ही १२ व्होल्टचे असतील, तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस पुरतो. मात्र दोन्हींचे अँपिअर मिळून त्याच्या क्षमतेत बसतात का, ते अडॅप्टरवर वाचून घ्यावे. माझा साडेतीन तास चालतो.

देवगडहून

आंब्याच्या हंगामात ऑर्डर आणि पैसे सगळे फोनवर येतात, म्हणून वेगळे सिम घेऊन ठेवले. रोजच्या २ जीबीचा पॅक होता. पहिल्याच दिवशी लॅपटॉपच्या अपडेटने तो सकाळी अकरापर्यंत संपवला आणि उरलेला दिवस ६४ केबीपीएसवर काढला. त्यानंतर लॅपटॉपमध्ये ती जोडणी ‘मीटर्ड’, म्हणजे मोजक्या डेटाची, म्हणून नोंदवली आणि फोनचे फोटो आपोआप चढणे बंद केले. याहून मोठी फजिती पुढच्या वर्षी झाली: केबल तुटली, सिम घातले, तर वैधता संपलेली, आणि रिचार्ज करायलाही नेट हवे. अखेर शेजारच्या काकूंच्या फोनवरून रिचार्ज केला. काकूंनी मोबदल्यात पेटीभर हापूस नेला.

धागाकर्त्याकडून

श्रीवर्धनकरांचे वाचून संध्याकाळी आमच्या टॉवरपाशी जाऊन राखणदाराला विचारले. तीनही कंपन्या त्याच मनोऱ्यावर आहेत, आणि आमची फायबर केबल ज्या खांबांवरून येते, त्याच खांबांवरून त्या टॉवरलाही केबल गेली आहे. खाडीपलीकडच्या टॉवरची रेंज आमच्या गच्चीवर येते का, ते आता रविवारी पाहतो.