दिनचर आणि दिनचर्या: नातं आहे का?

निफाडकर: शाळेतल्या मुलांना नांदूर मध्यमेश्वरला पक्षी दाखवायला नेतो. यंदाच्या माहितीपत्रकात मी 'दिनचर शिकारी पक्षी' असं लिहिलं, तर सहावीतल्या मुलीने विचारलं, "सर, हा दिनचर्येतलाच दिनचर का?" नीट सांगता येईल असं कुणी समजावेल का? इंग्रजीत दिवसा वावरणाऱ्याला 'डायर्नल' म्हणतात, त्याच्याशी याचा काही संबंध आहे का?

पंचवटीची बाई: आधी त्या मुलीला शाबासकी द्या, फार छान कान आहे तिचा. दोन्हीकडे 'चर्' हा एकच धातू आहे. चर् म्हणजे हिंडणं, फिरणं. गुरं चरतात ते हेच, आणि आचरण, चरित्र हेही त्यातलेच. दिवसा हिंडतो तो दिनचर; जलचर, निशाचर तसाच. दिनचर्या म्हणजे दिवसभराचं वागणं.

'डायर्नल' लॅटिन 'दिउर्नुस'वरून आला, त्याच्या मुळाशी 'दिएस', म्हणजे दिवस. आपला 'दिवस' आणि 'दिएस' एकाच प्राचीन मुळातून निघाले. तिथला अर्थ तेजाचा, उजळ आकाशाचा. 'जर्नल'ही त्याच घराण्यातला. 'डे' मात्र दिसायला जवळचा असूनही वेगळ्या मुळाचा.

मुलांना 'दिवाभीत' नक्की सांगा. घुबडाचं हे नाव ऐकून दिव्याला भिणारा असं वाटतं, पण संस्कृतात 'दिवा' म्हणजे दिवसा. दिवाकर, दिवास्वप्न यांतही तेच.

उसाच्या बांधावरून: 'दिनचर शिकारी पक्षी' म्हणतात ते मुख्यतः घुबडांपासून वेगळं काढायला. घार, भोवत्या, ससाणा दिवसाउजेडी शिकार करतात. भोवत्या तर हिवाळ्यात गवतावरून इतका खालून तरंगत जातो की मुलांना दुर्बीणसुद्धा लागणार नाही. पण रेषा पक्की मारू नका. आखूड कानाचं घुबड दिवसाही शिकार करतं. आमच्या उसातला बिबट्या बहुतेक अंधार पडल्यावर निघतो, तरी भरदिवसा दिसलेला आहे.

निफाडकर: खूप आभार, बाई. मग कमळालाही दिनचर म्हणायचं का? इंग्रजीत दिवसा उमलणाऱ्या फुलांनाही डायर्नलच म्हणतात.

पंचवटीची बाई: नको. कमळ जागचं हलत नाही, त्याला 'चर' कसं लावणार? सरळ 'दिवसा उमलणारं' म्हणा. आणि आकाशातल्या ताऱ्यांच्या रोजच्या फेऱ्याला 'दैनिक गती'. इंग्रजीत एका शब्दावर भागतं, मराठीत तिथे तीन लागतात.