मदत हवी आहे: जिवंत पेशीवर एएफएम (बारीक टोकाने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक), पृष्ठभागाऐवजी आतले तंतूच दिसतात

प्रश्न
3टी3 फायब्रोब्लास्ट (उंदराच्या संयोजी ऊतीच्या पेशी), काचेच्या तळाची डिश, 37 अंश. कॉन्टॅक्ट मोड (टोक सतत टेकवून ओढणं), 0.06 न्यूटन/मीटर कडकीचा कॅन्टिलिव्हर (टोक धरणारी लवचिक पट्टी), बल 1 नॅनोन्यूटन. ॲक्टिनचे तंतू (पेशीचा आतला सांगाडा) सुरेख येतात, मायक्रोव्हिलाय (पृष्ठभागावरचे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे) एकही नाही. तिसऱ्या स्कॅननंतर आडवे ओरखडे. बल किती कमी करू?

उत्तर 1
ते तंतू दिसत नाहीयेत, टोकाला लागताहेत. पेशीची कडकी 2 किलोपास्कल आणि टोकाचा अर्धकोन 20 अंश धरला, तर 1 नॅनोन्यूटनला टोक सुमारे 1.3 मायक्रोमीटर आत जातं. 100 पिकोन्यूटनलाही 0.4. खोली बलाच्या वर्गमुळाने घटते, त्यामुळे बल दहापट कमी करूनही खोली जेमतेम तिपटीने कमी होते.

तरी कमी कराच, आणि कॉन्टॅक्ट मोड सोडा. प्रत्येक बिंदूवर बल-अंतर वक्र घेणारा मोड वापरा, म्हणजे टोक पेशीला बाजूने ढकलत नाही.

ड्रिफ्ट (आपोआप सरकणारं शून्य) बघितलात का? तुमच्या कॅन्टिलिव्हरला 1 नॅनोन्यूटन म्हणजे फक्त 17 नॅनोमीटरचा वाक. सोन्याचा मुलामा असेल तर तापमान जरा हललं की तो तेवढा सहज वाकतो आणि बल नकळत दुप्पट होतं. डिश बसवल्यावर अर्धा-पाऊण तास थांबा, मधूनमधून शून्य पुन्हा लावा.

ओरखडे बहुधा टोकाला चिकटलेल्या चोथ्याचे. मोकळ्या काचेवर एक वक्र घ्या. परतताना चिकटण्याची खळी दिसली तर टोक बदला. स्कॅनपुरतं सीरम नको, आणि कार्बन डायऑक्साइड नसेल तर 20-25 मिलिमोलर हेपिस (आम्लता स्थिर ठेवणारा बफर) घाला.

प्रश्नकर्ता
0.06 हा पाकिटावरचा आकडा आहे. चालेल ना?

उत्तर 1
नाही. खरा आकडा दुप्पटही निघतो. आधी काचेवर संवेदनशीलता (पट्टी किती वाकली की सिग्नल किती बदलतो) काढा, मग पेशींपासून दूर, द्रवातच थर्मल ट्यून (उष्णतेच्या थरथरीवरून पट्टीची कडकी काढणं).

उत्तर 2
मायक्रोव्हिलायच हव्या असतील तर एएफएमशी झगडू नका, एसआयसीएम (पृष्ठभाग जवळ आला की पिपेटमधला आयन-प्रवाह घटतो, त्यावरून उंची मोजणारा सूक्ष्मदर्शक) घ्या. तिथे स्पर्शच नाही: 100 नॅनोमीटर तोंडाचं बोरोसिलिकेट पिपेट, दोन चांदी-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड, 200 मिलिव्होल्ट. रोध 100 मेगाओम असेल तर प्रवाह 2 नॅनोॲम्पिअर. तो अर्धा-एक टक्का घटला की थांबायचं. हॉपिंग मोडच (प्रत्येक बिंदूवर पिपेट वर उचलून पुन्हा खाली आणणारा) वापरा, आणि उडी समोरच्या उंचवट्यापेक्षा मोठी ठेवा, नाहीतर पिपेटची बाजू पेशीवर आपटते. प्रवाह अपेक्षेपेक्षा फारच कमी आला तर आधी टोकातला बुडबुडा शोधा.

आणि 3टी3 वर मायक्रोव्हिलाय मुळात विरळच. सराव एमडीसीके या कुत्र्याच्या मूत्रपिंड-पेशींच्या भरलेल्या थरावर करा.