मदत हवी आहे: सायकलला नवी वायर टाकली तरी मागचा गिअर उतरत नाही

राऊवाला: रविवारी जानापावच्या डोंगरावर जायचंय, लवकर सांगा. गिअर चढतो, पण सोडला की चेन लहान चकतीवर येत नाही, चार पायडल मारल्यावर खट्कन पडते. परवा वायर बदलून घेतली, तरी तेच. भारीतली केबल कोणती घेऊ?

चोरल_घाट: किती स्पीड, म्हणजे मागे किती चकत्या? ब्रेक कसले? आउटर, म्हणजे वायरवरची नळी, बदललं का?

राऊवाला: ८ स्पीड, ब्रेक वायरवालेच. आउटर जुनंच आहे, त्याला काय होतंय?

सुदामानगर_काका: आउटरमध्ये शिलाई मशीनचं तेल सोड. मी कायम हेच करतो, पैसे घालवू नकोस.

मालवी_पायडल: काका, तेलावर धूळ बसते, महिन्यात पुन्हा तेच. राऊवाला दादा, चढताना वायर तुम्ही ओढता, उतरताना फक्त डिरेलरची (चेन चकत्यांवर सरकवणाऱ्या भागाची) स्प्रिंग ओढते. आउटर आतून घासत असेल तर स्प्रिंग हरते. आउटरचा मागचा शेवटचा तुकडा काढून बघा. पावसात तिंछा धबधब्याहून आले तेव्हा माझ्या तुकड्यातून तांबडं पाणी गळलं होतं, आत आपली काळी माती घट्ट बसलेली.

चोरल_घाट: आणि चुकून ब्रेकचं आउटर आणू नकोस.

सुदामानगर_काका: आउटर ते आउटर. ब्रेकचं उलट जाड, टिकतं.

चोरल_घाट: नाही काका. ब्रेकच्या आउटरमध्ये तार गोल गुंडाळलेली असते, दाबली की किंचित आखडते आणि गिअरचा नंबर चुकतो. गिअरच्यात तारा उभ्या, म्हणून आखडत नाही. पण ते ब्रेकला कधीच लावू नये, जोरात दाबलं तर फाटतं. गिअरला ४ मिमी आउटर, १.२ मिमीची स्टीलची वायर. ब्रेकला ५ मिमी, वायर १.५ किंवा १.६.

एमटीबी_महू: हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक लावून टाक, वायरची कटकटच संपते.

मालवी_पायडल: अहो, त्यांचा प्रश्न गिअरचा आहे!

सुदामानगर_काका: जानापावला वरपर्यंत सायकल चढते का? चंबळ तिथूनच निघते ना?

राऊवाला: तुकडा काढला. वायर आत सरकतच नाही, टोक काळं झालंय. ४ मिमीचं घेतो. पकडीने कापलं तर चालेल?

मालवी_पायडल: पकडीने तोंड चपटं होतं. केबल कटरने कापा, टोक कानशीने सपाट करा, आतली नळी सुईने उघडा, मगच आउटरच्या टोकाला टोपी बसवा. माप जुन्या तुकड्याचंच घ्या. पुढचा तुकडा कापण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, ताण येता कामा नये.